गच्चीवरचं आधण

मे महिन्यात पुण्यात गार पाण्याने आंघोळ करायची असेल, तर आदल्या रात्रीच बादली भरून ठेवावी लागते. नळ दोन आहेत. एकातून गरम पाणी येतं, दुसऱ्यातून चटका बसणारं. पहिला गच्चीवरच्या काळ्या टाकीचा, दुसरा सोलरचा.

सोलर म्हणजे लग्नाच्या पंगतीतला आग्रही वाढपी. पोट तुडुंब भरलेल्याच्या पानात जिलब्या टाकतो आणि भुकेल्याच्या वेळी कुठे गायब होतो, पत्ता नाही. जुलैत चार दिवस सूर्य दिसला नाही, की हे महाराज गार. मेमध्ये मात्र ‘घ्या हो, घ्या’.

आमचं यंत्र वीस नळ्यांचं, दोनशे लिटरचं. नळीच्या काचेला दोन पदर, मधे निर्वात पोकळी, म्हणजे थर्मासच. ऊन आत येतं, उष्णता बाहेर जात नाही. तापलेलं पाणी हलकं होऊन आपोआप टाकीत चढतं. पंप नाही, बटण नाही. बटण नाही म्हणजे बंद करायचंही बटण नाही, हे विकणारा सांगत नाही.

परवा दुपारी गच्चीवर गेलो, तर व्हेंट पाइप किटलीसारखा फुसफुसत होता. पुणं समुद्रसपाटीपासून साडेपाचशे मीटर उंच, त्यामुळे इथे पाणी अठ्ठ्याण्णव अंशांच्या आसपासच उकळतं. इथल्या एकूण स्वभावाला हे धरूनच आहे.

प्लंबर आला, टाकीला हात लावला, झटक्यात काढला. म्हणाला, “काका, तुम्ही पाणीच वापरत नाही. वापरा, म्हणजे गार पाणी आत जाईल.”

वार गुरुवार. नळाला पाणी नाही. पुण्यात गुरुवारी ‘पाणी वापरा’ असा सल्ला देणारा माणूस मी पहिल्यांदाच पाहिला.

मग शेजारचे तज्ज्ञ जमले. एकांनी व्हेंटच्या तोंडात लाकडी गुट्टी ठोकायला सुचवलं, थेंब तरी गळायचे थांबतील म्हणून. प्लंबर दचकलाच. वाफेला वाट मिळाली नाही तर टाकी फुगेल, आणि पाणी उपसताना हवा आत शिरली नाही तर तीच पिचकेल. तो पाइप शोभेचा नाही.

मी हसलो नाही, कारण गेल्या वर्षीचा शहाणपणा माझा होता. आठ दिवस कोकणात जायचं म्हणून टाकी रिकामी केली आणि येणाऱ्या पाण्याचा कॉक बंद केला. पाणीच नाही तर तापणार काय? नळ्या! त्यांतलं उरलंसुरलं पाणी वाफ होऊन गेलं, आणि कोरडी नळी उन्हात दोनशे अंशांच्याही वर जाते. परत आल्यावर भर दुपारी मी मोठ्या उत्साहाने कॉक सोडला. दोन नळ्या ताडकन तडकल्या आणि आंघोळीच्या पाण्याने गच्ची न्हाली.

खरा उपाय फारच गावठी निघाला. उन्हाळाभर अर्ध्या नळ्या झाकून ठेवायच्या. गावाला जाताना सगळ्या झाकायच्या, टाकी भरलेली ठेवायची. बोअरच्या पाण्याचा क्षारही मग जरा कमी बसतो, कारण पाणी जितकं कडक तापेल तितका तो लवकर धरतो.

झाकायला काय? गोणपाट वाऱ्याने उडालं. बायकोने जुनी साडी द्यायला साफ नकार दिला. शेवटी कोपऱ्यावर पडलेला एका भावी नेत्याच्या वाढदिवसाचा फ्लेक्स उचलून आणला. दहा नळ्यांच्या मापाने दुमडला, तेव्हा नेत्याचा हात जोडलेला फोटो वर आला आणि डझनभर शुभेच्छुक आपोआप खाली दबले. चार टोकांना सुतळी बांधली.

वाफ थांबली. साहेबांनी वॉर्डात केलेलं, मला माहीत असलेलं, हे पहिलं काम.

पावसाळा लागला की फ्लेक्स काढायचा, असं ठरलंय. गच्चीवर कोण चढणार, ते मात्र ठरलेलं नाही.