टायरशास्त्री

सातारा आणि सांगली या दोन जिल्ह्यांत उसाच्या बिलातून किंवा निवृत्तीच्या फंडातून दणकट एसयूव्ही दारात आणणारा जो वर्ग आहे, त्याच्या प्रत्येक भावकीत एक टायरशास्त्री असतोच, आणि त्याची निराळी ओळख करून देण्याचे कारण नाही, कारण वाचकांच्याही गाडीपाशी तो कधी ना कधी उकिडवा बसून गेलेला आहे. गावात त्याला आबा म्हणतात. दारात पाहुण्यांची गाडी उभी राहिली की माणसांना रामराम घालण्यापूर्वी आबा चाकाला भिडतात, टायरच्या बाजूवरची धूळ अंगठ्याने पुसतात आणि तेथील लंबगोल चौकटीतले चार अंक मोठ्याने वाचतात. या अंकांपैकी पहिले दोन टायर तयार झाल्याचा आठवडा आणि पुढचे दोन त्याचे वर्ष सांगतात, म्हणजे २३१६ हा आकडा असेल तर तो टायर २०१६ सालच्या तेविसाव्या आठवड्यातला. पुतणीला बघायला आलेल्या मंडळींच्या बाबतीत, मुलाचे शिक्षण, शेती आणि पत्रिका असे सर्व काही जुळलेले असताना, आबांनी पोह्यांची बशी हातात धरूनच निकाल दिला होता, "पोरगं बरं हाय, पण २३१६ वर फिरतंय. इतक्या जुन्या रबरावर आपली पोरगी घाट उतरायची न्हाई."

हे आकडेशास्त्र पुढे टायरपुरते उरले नाही. ऑगस्ट २०१९ मध्ये सांगलीच्या आयर्विन पुलापाशी कृष्णेचे पाणी ५७ फुटांच्या वर गेले, त्या महापुराला आबा '३२१९' म्हणतात आणि जुलै २०२१ च्या पुराला '२९२१'. ऐकणाऱ्याला हे ट्रकचे नंबर वाटतात. स्वतःच्या लग्नाच्या बाबतीत मात्र हे शास्त्र त्यांच्यावर उलटले आहे. २००० सालापूर्वी टायरवर तीनच अंक असत, दोन आठवड्याचे आणि एक वर्षाचा, त्यामुळे आबांच्या १९९८ सालच्या लग्नाचा आकडा ०७८ असा निघतो आणि त्यावरून दशक ठरवता येत नाही. "रबराला दशक कळत न्हाई," काकी म्हणतात, "पण मला एकेक वरीस मोजून कळलंय."

आबांचा आवडता वाद म्हणजे एकच टायर बारा महिने वापरावा की ऋतूप्रमाणे बदलावा. थंड देशांत या प्रश्नाला अर्थ आहे, कारण तापमान सात अंशांखाली गेले की उन्हाळी टायरचे रबर कडक होऊन रस्त्यावरची पकड सोडू लागते, म्हणून तेथे हिवाळ्यासाठी मऊ रबराचे आणि नक्षीवर बारीक चिरा असलेले वेगळे टायर मिळतात, ज्यांच्यावर तीन शिखरांचा डोंगर आणि हिमकण कोरलेला असतो. बारमाही टायर हा या दोहोंमधला समझोता असून तो दोन्हीकडे थोडा थोडा उणा पडतो. सातारा-सांगलीच्या हवेने हा वाद केव्हाच मिटवला आहे. परंतु महाबळेश्वरला वेण्णा तलावाकाठी एखाद्या पहाटे दवबिंदू गोठतात, मोटारींच्या टपांवरच्या हिमकणांचे छायाचित्र वर्तमानपत्रात येते आणि आबा ते कात्रण घेऊन कराडच्या टायरवाल्याकडे हिवाळी टायर मागायला जातात. दुकानदाराचे उत्तरही आता ठरून गेले आहे, "आबा, तेवढी पहाट झोपून काढा की."

या मुलखातला खरा पेच थंडीचा नसून पाणी आणि चिखल यांचा आहे. महाबळेश्वरला वर्षाला साडेपाच हजार मिलिमीटरच्या आसपास पाऊस पडतो आणि जत-आटपाडीकडे पाचशेच्या आसपास, आणि या दोन्ही टोकांना सोयरीक असलेल्या माणसाने कोणता टायर घ्यावा हा प्रश्न अगदीच पोरकट म्हणता येत नाही. दुकानात त्याला तीन नावे ऐकू येतात. एचटी म्हणजे डांबरी सडकेचा टायर, ज्याच्या सलग खाचा पाणी बाजूला काढतात. एमटी म्हणजे चिखलाचा, ज्याचे ठोकळे लांब लांब असल्याने कृष्णाकाठची काळी माती त्यांत गच्च बसून न राहता फेकली जाते. आणि एटी हा दोहोंचा मध्य. मात्र ठोकळ्यांमधल्या मोकळ्या जागेमुळे एमटीचे कमी रबर रस्त्याला टेकते, म्हणून ओल्या डांबरावर तो लवकर घसरतो आणि शिरवळ ते कागल महामार्गावर घोंगावत राहतो. दमदार इंजिनाच्या गाडीला आणखी एक पथ्य असते. टायरवर १०४ एच असे लिहिले असेल तर तो ९०० किलो भार आणि ताशी २१० किलोमीटर वेग सोसतो, आणि हौसेने चिखलाचे टायर बसवताना हे शेवटचे अक्षर बहुधा खालच्या वेगाचे निघते. ज्याची गाडी चिखलात फक्त ऊस तोडताना बांधापर्यंत जाते, त्याला एचटी पुरेसा आहे, हे इतके उघड आहे की आबा ते कधीच कबूल करत नाहीत. प्रश्न सुटला तर लोक त्यांना कशाबद्दल विचारतील? त्यांच्या स्वतःच्या गाडीवर तारखेची बाजू आतल्या अंगाला गेली आहे, त्यामुळे तो आकडा आजवर कोणी पाहिलेला नाही.

तरीही एक गोष्ट, थोडी नाखुशीने का होईना, नोंदवावी लागते. मृगाच्या आधी आबा भावकीतल्या सगळ्या गाड्यांच्या खाचा मोजून येतात. कायद्याला १.६ मिलिमीटर खोली चालते, आबांना तीनच्या खाली चालत नाही, आणि एका पुतण्याने गोटा झालेल्या टायरांवर बायकापोरांना घेऊन कासला निघण्याचा बेत केला तेव्हा आबा गाडीची किल्ली कनवटीला लावून, कराडहून नवे टायर येईपर्यंत ओसरीवर बसून राहिले. पैसे कोणी दिले, ते पुतण्याच्या बापालाही पुढच्या पावसाळ्यात कळले.

आबांचा मुलगा चार अंकी पिढीतला आणि सध्या जर्मनीत, स्टुटगार्टला नोकरीस आहे. तेथे २०१० पासून बर्फाळ रस्त्यावर हिवाळी टायर सक्तीचे आहेत आणि ऑक्टोबर ते ईस्टर ते ठेवावेत असा लोकांचा रिवाज आहे, म्हणून दर ऑक्टोबरमध्ये आबांचा फोन जातो. नोकरी, पगार, लग्न या विषयांवर या बापलेकांत गेली काही वर्षे फारसे बोलणे उरलेले नाही. "बदललेस का? आकडा वाच," एवढेच आबा म्हणतात, आणि मुलगा थंडीत खाली उतरून आकडा वाचून दाखवतो. वास्तविक त्याने गाडी केव्हाच विकली आहे, तो ट्रामने जातो, आणि वाचतो तो इमारतीखाली उभ्या असलेल्या कोणाच्याही चाकावरचा आकडा. गेल्या वर्षी तो ३३२२ होता. यंदा ४११९ निघाला. नवे टायर वर्षभरात तीन वर्षांनी म्हातारे कसे झाले हे ज्याला कळणार नाही असा टायरशास्त्री या दोन जिल्ह्यांत नाही, पण आबा क्षणभर थांबले, म्हणाले, "बरं हाय. हवा बघत जा," आणि फोन काकींकडे दिला.