हलक्या पायांच्या शोधात

सिनेमाच्या कॅमेऱ्यामागे उभी राहणारी माणसं हल्ली नजरेवरून नाही, कमरेच्या पट्ट्यावरून ओळखू येतात. लग्नकार्यात दोन छायाचित्रणकार भेटले तर ‘सध्या काय चाललंय?’ असं विचारत नाहीत, ‘एल-फोर की एल-फाइव्ह?’ असं विचारतात. माझं दुखणं या दोन मणक्यांच्या मधलं आहे. डॉक्टरांनी ‘यापुढे जड काही उचलायचं नाही’ असं बजावलं तेव्हा मी पिशवीतून कॅमेरा काढून त्यांच्या टेबलावर ठेवला. त्यांनी तो एका हातानं उचलला आणि म्हणाले, ‘‘हा तर माझ्या डब्यापेक्षा हलका आहे.’’ बरोबरच होतं त्यांचं. कॅमेरे केव्हाच हलके झाले. सोनीचा एफएक्स-थ्री बॅटरीसकट पाऊण किलोच्या आत बसतो. अलेक्सा मिनीची नुसती बॉडी २.३ किलोची. मला डॉक्टरांना दाखवायचं होतं ते त्या कॅमेऱ्याखालचं प्रकरण. ते गाडीच्या डिकीत होतं आणि ते वर आणायची मनाई त्यांनी मला नुकतीच केली होती.

तेव्हा हलका ट्रायपॉड घ्यायचा ठरला. घरात किंमत फुटली. मावशी म्हणाली, ‘‘अरे, नुसत्या स्टँडला एवढे पैसे? त्यात स्कूटर आली असती.’’

‘‘स्कूटरवरून पॅन करता येत नाही, मावशी.’’

‘‘मग स्टँडवरून कामाला जाता येतं का?’’

या प्रश्नाला उत्तर नाही. आमच्या धंद्यात कॅमेरा वर्षा-दोन वर्षांत जुना होतो आणि लाजेनं कपाटात जाऊन बसतो. ट्रायपॉड मात्र वीस वर्षं टिकतो. तरी लोक कॅमेऱ्याबरोबर फोटो काढून घेतात आणि ट्रायपॉडवर टॉवेल वाळत घालतात.

त्यातही ट्रायपॉड म्हणजे पाय, एवढंच लोकांना दिसतं. खरी करामत वरच्या हेडमध्ये असते. साध्या हेडची सगळी मदार घर्षणावर. जुन्या लाकडी कपाटाचा खण ओढावा तसा प्रकार : आधी ढिम्म हलत नाही आणि मग धाडकन बाहेर येऊन पायावर पडतो. फ्लुइड हेडच्या आत मात्र चिकट, दाट द्रव असतो. तुम्ही जितक्या जोरात ढकलाल तितका तो जास्त अडवतो आणि हळुवार ढकललंत तर निमूट वाट देतो. त्यामुळे कॅमेरामनच्या हाताचा कंप, सकाळचा चुकलेला चहा आणि निर्मात्यावरचा राग, तिन्ही त्या द्रवात विरघळतात आणि पडद्यावर फक्त शांत सरकणारं दृश्य उरतं.

हा शोध लागला त्यात आगगाडीच्या वेडाचा मोठा वाटा आहे. चॅडवेल ओकॉनर हे कॅलिफोर्नियातले इंजिनिअर. वाफेच्या इंजिनांवर त्यांचा जीव. धावत्या गाडीमागे कॅमेरा फिरवताना चित्र गचके खाऊ लागलं, म्हणून त्यांनी घरच्या घरी द्रव भरलेलं हेड बनवलं. वॉल्ट डिझ्नीही तितकेच आगगाडीवेडे. रुळांच्या कडेला दोघांची गाठ पडली आणि डिझ्नींनी आपल्या वन्यजीवपटांसाठी तसली हेडं करून मागितली. १९७५ सालच्या पुरस्कारांत ऑस्करच्या अकादमीनं याच हेडसाठी ओकॉनर यांना तांत्रिक गौरव दिला. तिकडे सिडनीत एरिक मिलर यांनी १९४०च्या दशकातच आपलं फ्लुइड हेड काढलं होतं, त्यामुळे ‘पहिलं कुणाचं?’ हा विषय दोघांच्या कंपन्यांच्या माणसांसमोर काढू नये. मला आवडते ती गोष्ट एवढीच की या यंत्राच्या मुळाशी कुणाची कंबर नव्हती. गाडी बघायची हौस होती. कंबर नंतर आली. ओकॉनरचं २५७५ हे हेड सेटवर सगळ्यांना प्रिय आहे, पण त्या एकट्या हेडचं वजन अलेक्सा मिनीच्या नुसत्या बॉडीच्या तिपटीहून जास्त भरतं.

हलकं हेड बघायला मी अंधेरीतल्या एका दुकानात गेलो. विक्रेता तरुण, उत्साही आणि इस्त्रीतला होता. ‘‘सर, हे बारा किलो घेतं,’’ तो म्हणाला. मी विचारलं, कमीत कमी किती घेतं? तो गोंधळला. जास्तीत जास्त वजन सगळे विचारतात, कमीत कमी कुणीच नाही. पण फ्लुइड हेडची परीक्षा तिथेच असते. आत स्प्रिंगचं काउंटरबॅलन्स असतं. कॅमेरा खाली झुकवून हात काढला तर तो त्याच कोनात थांबायला हवा. स्प्रिंग कॅमेऱ्यापेक्षा जबर असेल तर हलका कॅमेरा हात सोडताच मान वर करून तुमच्याकडे बघतो. कॅमेरा जड आणि स्प्रिंग दुबळी असेल तर तो लेन्ससकट साष्टांग नमस्कार घालतो आणि त्या नमस्काराचा खर्च विमा कंपनीही देत नाही. आमचं काम असं, की सकाळी पाऊण किलोचा कॅमेरा आणि दुपारी मॅट बॉक्स, मॉनिटर, वायरलेस फोकस, मोठी बॅटरी असा सगळा साज चढलेला आठ-दहा किलोंचा ऐवज. म्हणून खालची मर्यादा जवळजवळ शून्यापर्यंत जाणारं हेड हवं आणि मधल्या पायऱ्या भरपूर हव्यात. ओकॉनरच्या हेडला तर पायऱ्याच नाहीत, चकती फिरवत हवं तिथे थांबायचं.

त्यात बारा किलो हा आकडाही अर्धाच असतो. कॅमेऱ्याचा गुरुत्वमध्य हेडच्या किती वर असताना बारा? हल्ली कॅमेऱ्यावर हँडल, हँडलवर मॉनिटर, मॉनिटरवर माईक आणि माईकवर केसाळ टोपी अशी वरवर इमारत चढत जाते. वजन तेवढंच राहिलं तरी उंची वाढली की स्प्रिंगला ते जड जातं. कंपनीच्या माहितीपत्रकात याचा तक्ता असतो, अक्षर बारीक असतं आणि विक्रेत्याचा अंगठा नेमका त्याच्यावर असतो.

मध्येच मला एक स्वस्त उपाय सुचला : कॅमेरा हलवायचाच नाही. जपानचे यासुजिरो ओझू यांनी शेवटी शेवटी पॅन-टिल्टला, म्हणजे कॅमेरा आडवा-उभा फिरवण्याला, जवळजवळ रजाच दिली होती. त्यांचा कॅमेरा चटईवर बसलेल्या माणसाच्याही खाली, खास बनवून घेतलेल्या बुटक्या ट्रायपॉडवर असायचा आणि त्यांचे कॅमेरामन युहारू अत्सुता जमिनीवर पालथे पडून त्यातून बघायचे. विम वेंडर्सच्या १९८५ सालच्या ‘टोक्यो-गा’ या माहितीपटात अत्सुतांनी तो ट्रायपॉड मांडून दाखवला आहे. मी ही कल्पना आमच्या दिग्दर्शकाला सांगितली. तो म्हणाला, ‘‘सर, पहिल्याच शॉटला ड्रोन आहे.’’

पायांचं म्हणाल तर कार्बन फायबरला पर्याय नाही, असं माझं मत आहे. थंडीच्या पहाटे अ‍ॅल्युमिनियमचा पाय धरला की हाडापर्यंत कळ जाते, कार्बनचा हाताला सुसह्य राहतो. मात्र अ‍ॅल्युमिनियमला पोचा पडतो आणि तो पोचा घेऊन ते आणखी दहा वर्षं काढतं. कार्बनला पोचा पडत नाही, तो एक दिवस सरळ चिरतो. वर हेड बसायला वाटी हवी. ७५ मिलिमीटरची असली तर हलकी, १०० ची असली तर जगभरची हेडं बसतात. वाटी असली की खालची मूठ सैल करायची, बुडबुडा मध्ये आणायचा, घट्ट करायची, संपलं. फोटोग्राफीच्या ट्रायपॉडला ही वाटी नसते. तिथे एकेक पाय आखूड-लांब करत पातळी साधावी लागते आणि ती साधेपर्यंत सूर्य मावळतो. शिवाय एका नळीचे पाय पिळवटतात. पॅन थांबला की पीळ सुटतो आणि फ्रेम किंचित मागे येते. ३५ मिलिमीटरच्या लेन्सवर ते कळत नाही, ८५ वर कळतं आणि मोठ्या पडद्यावर तर दिग्दर्शकाच्या आईलाही कळतं. म्हणून दोन नळ्यांचे पाय आणि पायांच्या मध्यावर स्प्रेडर. हल्ली सॅक्टलरच्या फ्लोटेकसारख्या पायांत सगळे भाग सोडायच्या पट्ट्या वरच, खांद्याजवळ असतात. वाकावं लागत नाही. हे डिझाइन करणाऱ्याला माझा एमआरआय कुणी पाठवला होता, कळायला मार्ग नाही. असले पाय तीन किलोंच्या आसपास भरतात.

ते पाहून सगळ्यात जास्त कोण दुखावलं असेल तर आमचे अटेंडंट मामा. भाड्याच्या सामानाबरोबर अटेंडंट येतो ही आमच्याकडची जुनी रीत. मामा मूळचे साताऱ्याकडचे. त्यांनी नवा ट्रायपॉड दोन बोटांत धरून उचलला आणि म्हणाले, ‘‘सर, ह्याला वजनच न्हाई. ज्याला वजन न्हाई त्याला सेटवर इचारतो कोण?’’ मग त्यांनी तो उलटापालटा करून मूळ प्रश्न विचारला, ‘‘प्लेट कुठाय?’’

जगातल्या कुठल्याही सेटवर ट्रायपॉड पोचतो, कॅमेरा हेडला अडकवणारी प्लेट पोचत नाही. ती दुसऱ्या युनिटच्या कॅमेऱ्याच्या बुडाला चिकटून परगावी गेलेली असते. एका कंपनीची प्लेट दुसरीच्या हेडला सहसा बसत नाही, एकाच कंपनीची जुनी प्लेट नव्या हेडला बसेल याचीही हमी नाही. ट्रायपॉड निवडताना मी शेवटी एकच अट कडक ठेवली : माझ्याकडे आहे तीच प्लेट त्याला चालली पाहिजे. या अटीवर फार चांगली हेडं मी नाकारली आहेत आणि त्याचा मला अजिबात पश्चात्ताप नाही.

नव्या पायांचं पहिलं काम राजगडावर निघालं. गुंजवण्याच्या वाटेनं चोर दरवाजापाशी पोचेपर्यंत माझी कंबर चक्क गप्प होती. पुढे सुवेळा माचीवर, नेढ्याच्या अलीकडे कॅमेरा लावला आणि वाऱ्यानं ट्रायपॉडला हिव भरलं. तीन किलोंचे पाय चढताना जे सुख देतात त्याची वसुली वारा करतो. जे वजन आपण खाली गाडीत ठेवून येतो तेच वर पोचल्यावर हवं असतं. मी म्हटलं, ‘‘मामा, चार दगड घ्या, पिशवीत भरून मधोमध टांगू.’’

मामांनी माझ्याकडे असं पाहिलं की मी शब्द परत घेतले. ‘‘महाराजांच्या गडाचा दगड न्हाई हलायचा, सर.’’

मग पाण्याच्या बाटल्या गोळा झाल्या. सगळ्या युनिटचं पाणी एका पोत्यात भरून ट्रायपॉडच्या पोटाखाली टांगलं. टांगलेलं पोतं वाऱ्यात झुलून कॅमेऱ्यालाही झुलवतं, म्हणून ते जमिनीला जरा टेकेल एवढं सैल सोडलं. फ्रेम थांबली. पण ऊन चढलं तशी माणसं एकेक करून येऊन बाटल्या काढू लागली. ध्वनिमुद्रकाला तहान लागली की फ्रेम थरथरायची. दिग्दर्शक पाणी प्यायला तेव्हा क्षितिज हललं. शेवटी साहाय्यक दिग्दर्शकाला पोत्याजवळ राखणीला बसवलं आणि शॉट पूर्ण होईपर्यंत कुणी पाणी प्यायचं नाही असा हुकूम निघाला. उतरताना ट्रायपॉड मी स्वतः खांद्यावर घेतला होता, कौतुकानं. ते निर्मात्यानं पाहिलं.

पुण्याला परतल्यावर त्यानं बैठक बोलावली. ‘‘दादा, तुमचा ट्रायपॉड आता एवढा हलका झालाय,’’ तो म्हणाला, ‘‘म्हणजे तेवढे किलो शिल्लक राहिले ना? पुढच्या गडावर आपण तो मोठा झूम नेऊ या.’’ दिग्दर्शकाचे डोळे चमकले. आंजेन्यूचा २४-२९० चा झूम एकटाच अकरा किलोंच्या घरात आहे. तो आला की माझ्या नव्या हेडची स्प्रिंग हात वर करणार. मग मोठं हेड, मोठ्या हेडला १५० ची वाटी, त्या वाटीला जाड पाय, त्या पायांना पेटी.

मी मामांकडे पाहिलं. पुढचा गड कुठला, असलं काही न विचारता त्यांनी यादीचा कागद उलटा केला आणि कोऱ्या बाजूवर लिहायला घेतलं.

‘‘दोन माणसं जास्तीची लागतील, सर,’’ ते प्रसन्नपणे म्हणाले. ‘‘आणि प्लेट मी आजच हुडकून ठेवतो.’’