दाजींचं बसकर

आमचे दाजी मूळचे सोलापूरचे. फिनलंडमधल्या तांपेरे शहरात राहायला लागून अकरा वर्षं झाली, तरी कापड दिसलं की त्यांचा हात आधी जातो, नजर मागून. कुणी हात मिळवायला पुढे आलं, तर दाजी त्याची बाही चिमटीत धरून बघतात. ताईला बघायला आले होते, तेव्हाही पोहे बाजूला ठेवून टेबलक्लॉथची शिवण उलटून पाहिली होती.

गेल्या हिवाळ्यात मी त्यांच्याकडे गेलो. शनिवारी सकाळीच म्हणाले, "पाव्हणं, आज सात ते आठ सौनाची आपली पाळी." साधारण पंचावन्न लाख माणसांच्या या देशात तीसेक लाख सौना, म्हणजे घाम काढायच्या तापत्या खोल्या, आहेत; 2020 साली युनेस्कोनेही या सौना-संस्कृतीला वारशाचा मान दिला. दाजींच्या इमारतीत मात्र तळघरात एकच. दर कुटुंबाला आठवड्यातून एक तास. आमचा तास संध्याकाळी सातचा. तयारी सकाळी दहालाच सुरू झाली.

मी खांद्यावर पंचा टाकून उभा राहिलो. दाजी हळहळले. "अहो, इथं टॉवेल नेसायला नसतो, बसायला असतो. आत ऐंशी-नव्वद अंश. फळीवर उघडं टेकलात की चटका. आणि आपला घाम दुसऱ्याच्या फळीत मुरवायचा का?" या बसकराला तिकडे पेफ्लेत्ती म्हणतात.

पलंगावर नमुने मांडले गेले. पहिला फुलाफुलांचा, ताईने सेलमध्ये घेतलेला. दाजींनी त्याचा एक धागा उपसला आणि काडी ओढली. धागा वितळला, टोकाला काळा मणी धरला. "पॉलिस्टर! सूत असतं तर कागदासारखं जळून राख झाली असती." तेवढ्यात छतावरचा धुराचा भोंगा किंचाळू लागला. स्वयंपाकघरातून ताई ओरडली, "पुन्हा धागा जाळलात ना?"

दुसरं करड्या रंगाचं लिनन. "हे घाम पितं आणि वाळतंही लवकर. जवसाच्या काडीचं सूत आहे हे. आपण जवसाची चटणी खातो, ही माणसं जवसावर बसतात!"

शेवटी कपाटाच्या वरच्या कप्प्यातून एक प्लॅस्टिकची पिशवी उतरली. आत पांढराशुभ्र सोलापुरी टॉवेल. दाजींचा आवाज खाली आला. "आमच्या चादरीला भौगोलिक मानांकन आहे, ते सगळ्यांना ठाऊक. टॉवेललाही आहे, ते कुणी बोलत नाही. नवा टॉवेल पाणी ओढत नाही, दोन-तीन पाण्यांतून काढावा लागतो. काढून ठेवलाय."

"मग वापरत का नाही?"

देवघरातल्या गणपतीची सुपारी फोडायला सांगितल्यासारखं त्यांनी माझ्याकडे पाहिलं.

निकाल असा लागला : दाजींना लिनन, मला दुहेरी घडीचा पंचा, आणि सोलापुरी टॉवेल "नुसता सोबत". तो पिशवीसकट सौनाबाहेरच्या खुंटीवर राहिला.

आत आम्ही दोघं जन्मलो तसे. दाजींशी एवढ्या जवळिकीची मला सवय नव्हती. त्यांची नजर मात्र माझ्या पंच्याच्या घडीवर होती. तापल्या दगडांवर त्यांनी ओगराळ्याने पाणी ओतलं. त्या वाफेला लोयलू म्हणतात. ती कानशिलांना झोंबली आणि सकाळी दहापासून चाललेलं दाजींचं बोलणं पहिल्यांदाच थांबलं.

आठला पाच मिनिटं असताना आम्ही उठलो. दाजींनी लिनन उचललं, फळीवरून तळवा फिरवला. कोरडी! मुलगा बोर्डात आल्यासारखा चेहरा झाला. मग त्यांनी माझी जागा पाहिली. पंचा तो पंचाच. फळीवर माझ्या बैठकीचा ओला नकाशा उमटला होता. जिन्यात पुढच्या पाळीवाल्याची पावलं वाजली.

दाजींनी हातातलं लिनन चाचपलं. चिंब होतं. ते बाहेर गेले, पिशवी घेऊन आले. क्षणभर थांबले. मग सोलापुरी टॉवेल काढून त्यांनी माझा घाम एका हाताने, एका दमात पुसून टाकला.

मी मेल्याहून मेलो. माफी मागायला तोंड उघडणार, तोच दाजींनी टॉवेल दिव्यासमोर धरला.

"बघा की पाव्हणं," ते म्हणाले, "पाणी कसं ओढतंय!"