वहिवाटीचा पलंग

आमच्या घरापासून दहा मिनिटांवर एक हॉस्पिटल आहे. तिथल्या कॅज्युअल्टीतला दाराजवळचा पलंग माझा आहे. मालकीहक्काने नव्हे, वहिवाटीने. दीड वर्षात पाच वेळा मी छाती धरून त्यावर आडवा झालो आणि पाचही वेळा स्वतःच्या पायांनी घरी आलो. रात्रपाळीचे मामा आता नावही विचारत नाहीत. "या, शर्ट काढा," एवढंच म्हणतात.

या कीर्तीचं मूळ गव्हात आहे.

एकेचाळिसाव्या वर्षी मला सिलिअ‍ॅक असल्याचं कळलं. पोट वगैरे दुखत नव्हतं. लोहाच्या गोळ्या खाऊन खाऊन हिमोग्लोबिन आठाच्या पुढे सरकेना, म्हणून डॉक्टरांनी रक्तातल्या अँटिबॉडी तपासल्या, मग दुर्बीण घालून लहान आतड्याचे तुकडे काढले. निरोगी आतड्याला आतून मखमलीसारखी लव असते, अन्नातलं सत्त्व तीच शोषते. माझी लव पार झडली होती. डोक्यावरचं टक्कल मी कसंबसं झाकत होतो, तर आतही तेच निघालं. गहू, सातू आणि आपल्याकडे सहसा न पिकणारं राय, यांतल्या ग्लूटेनला माझं शरीर शत्रू समजतं आणि त्या लढाईत स्वतःचंच आतडं कापून काढतं. यावर औषध नाही. गहू जन्मभर बंद.

"पोळी बंद, बरं," आत्या म्हणाली. "रव्याचा शिरा करते मग."

"रवा गव्हाचाच असतो, आत्या."

"अगं बाई! मग मैद्याचं काहीतरी करू."

आत्याला काय हसायचं? गव्हावर संशय घ्यायला डॉक्टरांनाही शतकं लागली. विलेम डिके या डच बालरोगतज्ज्ञाला तो आधीपासून होता. १९४४-४५च्या हिवाळ्यात हॉलंडमध्ये दुष्काळ पडला, लोक ट्युलिपचे कंद उकडून खाऊ लागले, आणि पाव मिळेनासा झाल्यावर त्याच्याकडची सिलिअ‍ॅकची मुलं मात्र सुधारली. पाव परत आला तशी पुन्हा खंगली. डिकेला दुष्काळाने साथ दिली. आमच्या घरात सुबत्ता होती आणि आत्या होती.

सहा महिने कडक पथ्य करूनही माझे रिपोर्ट सुधारेनात. चोर निघाला मिसळणाच्या डब्याशेजारी. बाजारातला डबीतला हिंग बहुतेकदा नुसता हिंग नसतो. तो डिंकात आणि पुष्कळदा गव्हाच्या पिठात कालवलेला असतो, आणि डबीवर ते इतक्या बारीक अक्षरांत लिहिलेलं असतं की माझ्या चष्म्याचा नंबर वाढला. दुसरा चोर कोपऱ्यावरची गिरण. "ज्वारीवरच ज्वारी दळा हो," मी अजिजीने म्हणालो. "साहेब, थोडा गहू मिसळला तर भाकरी मऊ होते," त्याने मला फुकट सल्ला दिला. ग्लूटेनमुक्त म्हणवणाऱ्या अन्नात किलोमागे २० मिलिग्रॅमहून जास्त ग्लूटेन चालत नाही असा आपल्याकडे नियम आहे. त्याहून जास्त तर गिरणवाल्याच्या एका भुवईवर होतं.

म्हणून घरघंटी घेतली. आम्ही तिसऱ्या मजल्यावर राहतो, लिफ्ट नाही. टेम्पोवाल्याने चाळीसेक किलोचं ते खोकं पार्किंगमध्ये ठेवलं आणि वर न्यायचे तीनशे रुपये वेगळे म्हणाला. तीनशे! मी आणि चिरंजीवांनी ते स्वतः चढवलं. दुसऱ्या मजल्यावर चिरंजीवांचा फोन वाजला आणि त्यांनी उत्स्फूर्तपणे एक हात सोडला. घरघंटी मी छातीवर झेलली. तीनशे रुपये वाचले.

रात्री दोन वाजता छातीत डावीकडे कळ आली. शेजारच्या काकांनी जिभेखाली स्वतःची सॉर्बिट्रेट कोंबली, त्याने डोकंही ठणकायला लागलं. ईसीजी निघाला, ट्रोपोनिन झाली, तीन तासांनी पुन्हा झाली. मी मनातल्या मनात मृत्युपत्र करत होतो. त्यात घरघंटी चिरंजीवांना जात नव्हती. सगळं नॉर्मल आल्यावर माझ्या मुलीच्या वयाच्या डॉक्टरने छातीच्या मधल्या हाडाशेजारी एका बोटाने दाबलं. मी अशी आरोळी ठोकली की पलीकडचा पेशंट उठून बसला.

"काका, बरगडी जिथे हाडाला जोडते तिथली कूर्चा सुजलीय. कॉस्टोकॉन्ड्रायटिस. हार्ट छान आहे तुमचं." बिल पाच आकडी होतं. त्यातून वाचवलेले तीनशे वजा केले तरी ते पाच आकडीच राहिलं.

पुढे जे घडलं त्याला आमच्याकडे तीन पायांची शर्यत म्हणतात. बरगडीसाठी वेदनाशामक गोळी दिली. तिने पोटात आग पेटवली. माझ्या अन्ननलिकेच्या तळाची झडप मुळातच सोसायटीच्या गेटसारखी, कधीच नीट न लागणारी. आम्ल वर आलं, आम्लाने खोकला आला, खोकल्याने बरगडी दुखावली. दुसऱ्या डॉक्टरांनी गोळी थांबवली, न्याहारीच्या अर्धा तास आधी पँटोप्रॅझोल सुरू केली आणि पलंगाची उशाकडची बाजू सहा इंच उचलायला सांगितली. मी पायांखाली विटा लावल्या. पहाटे एक वीट निसटली आणि मी गादीसकट पायथ्याशी पोचलो. दुसरी भेट.

तिसऱ्या भेटीचं श्रेय साबुदाण्याला. उपासाचे पदार्थ मला चालतात म्हणून मी बाराही महिने एकादशी पाळत होतो. रात्री दहा वाजता दाण्याचं कूट आणि तूप सढळ हाताने घातलेली खिचडी खाऊन आडवा झालो, की पोटातलं सगळं गळ्याशी वारीला निघायचं.

चौथी सगळ्यात लाजिरवाणी. मी वही घातली होती: जेवणानंतर जळजळलं तर ॲसिडिटी, दाबल्यावर दुखलं तर बरगडी. शास्त्रशुद्ध खात्री म्हणून मी तासातासाला तीच जागा दाबून पाहत होतो. जागा रोज जास्तच दुखू लागली. वही पाहून डॉक्टरबाईंनी एकच औषध लिहिलं: "दाबू नये."

परवा रात्री पुन्हा कळ आली. या वेळी न जाण्याचं मी ठरवलं. मामांसमोर शर्ट काढायची हिंमत नव्हती.

"घाम आलाय तुम्हाला," बायको म्हणाली.

"पंखा बंद आहे."

"घाम, धाप, हात दुखणं, यातलं काही असेल तर घरी बसून तर्क करायचे नाहीत असं सांगितलंय ना? उठा."

उठलो. ईसीजी नॉर्मल, ट्रोपोनिन दोन्ही वेळा नॉर्मल, बरगडी आपल्या जागी हजर. पहाटे पाचला मामांनी चहा आणला आणि बशीत चार बिस्किटं. "घ्या साहेब, रात्रभर उपाशी आहात."

मी त्यांना सगळं सांगितलं. आतडं, लव, गव्हाचं पीठ, हिंगाची डबी. मामांनी शेवटपर्यंत ऐकून घेतलं, बशी उचलली आणि क्षणभर विचार केला.

"मग खारी आणू?"