दिवाळखोरीलाही मेरिट लागतं

तात्यांनी अखेर दिवाळं काढायचं ठरवलं. गिरगावात त्यांचा लग्नपत्रिका छापायचा धंदा. पत्रिका व्हॉट्सअॅपवर गेल्या, मशीनचं कर्ज मात्र कागदावर राहिलं, आणि त्या कर्जाला चाळीच्या पुनर्विकासात मिळालेला फ्लॅट गहाण. म्हणून फोर्टातल्या एका वकीलसाहेबांकडे गेलो. मी आपला सोबतीला.

साहेबांनी आधी फी सांगितली. निम्मी आगाऊ.

"साहेब, मी बुडालोय हो," तात्या म्हणाले.

"म्हणूनच आगाऊ."

मग पात्रतेची चौकशी सुरू झाली. २०१६च्या दिवाळखोरी संहितेत सामान्य माणसाला नव्याने सुरुवात करू देणारं एक प्रकरण आहे. त्यात कर्जच माफ होतं. तात्या खुर्चीत पुढे सरकले. अटी अशा: वर्षाचं उत्पन्न ६०,०००च्या आत, मालमत्ता २०,०००च्या आत, माफ व्हायचं कर्ज ३५,०००च्या आत, आणि स्वतःचं घर नको.

"महिना पाच हजारांत जगणाऱ्याला ३५,०००चं कर्ज देतं कोण?"

"तो प्रश्नच येत नाही. हे प्रकरण अजून लागूच झालेलं नाही."

व्यक्तींसाठीचा भाग १ डिसेंबर २०१९पासून चालू झाला, पण कंपनीच्या कर्जाला वैयक्तिक जामीन राहिलेल्यांपुरता.

"म्हणजे मी एखाद्या कंपनीला जामीन राहिलो असतो आणि ती बुडाली असती तर..."

"तर तुम्ही २०१६मध्ये असता. सध्या तुम्ही १९०९मध्ये आहात."

१९०९चा प्रेसिडेन्सी शहरांचा दिवाळखोरी कायदा. टिळक तेव्हा मंडालेच्या तुरुंगात होते. दुकान ठाण्यात असतं तर तात्यांना १९२०चा मिळाला असता, त्यातल्या त्यात ताजा. स्वतःहून अर्ज करायचा तर कर्ज किमान पाचशे रुपये हवं, ही अट तात्यांनी डिस्टिंक्शनमध्ये पार केली. आयुष्यात पहिल्यांदाच त्यांना कुठेतरी प्रवेश मिळत होता.

दिवाळखोर ठरल्यावर हाती काय उरतं? धंद्याची अवजारं, कपडे, अंथरूण-पांघरूण, स्वयंपाकाची भांडी आणि लाकूडसामान. बायकोमुलांचंही धरून सगळं मिळून तीनशे रुपयांपर्यंत. कुकर एकटाच ही मर्यादा ओलांडतो. काकूंनी फोनवरून विचारलं, "शिट्टी वेगळी धरतात का?" साहेबांनी गंभीरपणे टिपून घेतलं.

आणि इतकं करून फ्लॅट वाचतो का? नाही. गहाणदार बँकेला या कायद्याने अडवता येत नाही. तिच्याकडे २००२चा सरफेसी आहे, गहाण मालमत्ता कोर्टाविना ताब्यात घेऊ देणारा कायदा.

तात्यांनी धीर करून व्हिडिओकॉनचं नाव काढलं. तिथे जवळपास ६४,८३८ कोटींचे दावे मान्य झाले होते आणि घेणाऱ्याने देऊ केले सुमारे २,९६२ कोटी. जून २०२१मध्ये मुंबईच्या कंपनी कायदा न्यायाधिकरणाने, धनकोंनी सोडलेल्या या रकमेला हेअरकट म्हणायचं की मुंडण असा शेरा मारत, मंजुरी दिली. (जानेवारी २०२२मध्ये अपील न्यायाधिकरणाने ती रद्द केली, पण तेवढ्यात न्हाव्याची कीर्ती झालीच.)

"मीही त्याच टक्क्याने देतो की!"

"कंपनी बुडाली की धनकोंची समिती बसते, सल्लागार येतात, ६६ टक्के मतांनी ठराव होतो. तुम्ही बुडालात की वसुली अधिकारी येतो. बँकेची नोटीस कधी आली?"

नोटीस देव्हाऱ्यामागे ठेवली होती. साठ दिवसांच्या मुदतीतले त्रेपन्न देवाने वापरले होते. इथे मात्र साहेबांचा चष्मा पहिल्यांदा वर गेला आणि मला त्यांच्या फीचा अर्थ कळला. आल्या दिवशीच नोटीस त्यांच्याकडे आली असती तर खात्याचे उतारे मागवता आले असते, खातं थकीत ठरवल्याची तारीख तपासता आली असती, बँकेशी तडजोड बोलता आली असती. आता सात दिवसांत हरकत लिहायची. बँकेने पंधरा दिवसांत तिचं उत्तर द्यायचं, आणि हरकत योग्य की अयोग्य हेही बँकेनेच ठरवायचं. त्या उत्तरावर दाद मागता येत नाही. दिवाणी कोर्टाचं दार कायद्याने बंद. कर्जवसुली न्यायाधिकरणात, म्हणजे डीआरटीत, जायचं ते बँकेने ताब्याचं पाऊल उचलल्यावर, पंचेचाळीस दिवसांच्या आत. तिथे हरलात तर अपिलासाठी आधी निम्मी रक्कम भरा. न्यायाधिकरणाला दया आली तर पाव.

"निम्मी असती तर तुमच्याकडे कशाला आलो असतो?"

"हा मुद्दा चांगला आहे," साहेब म्हणाले, "पण अपिलात चालत नाही."

मग त्यांनी ताब्याचं समजावलं. सुरुवातीला ताबा बहुधा प्रतीकात्मक असतो: दारावर कागद चिकटतो आणि दोन वर्तमानपत्रांत सूचना येते, त्यातलं एक स्थानिक भाषेतलं. तमाम जनतेस कळवणारा मजकूर, खाली निम्नस्वाक्षरीकार. आयुष्यभर दुसऱ्यांची नावं छापणाऱ्या तात्यांचं नाव शेवटी असं छापून येणार. पत्ता पूर्ण, चटईक्षेत्रासकट. त्या जाहिरातीचा खर्चही बँक तात्यांच्याच खात्यात टाकू शकते.

मजकूर अजून बराच होता. पण संपादकांचा आताच फोन आला. सदर इथेच आवरा म्हणाले, खाली चार कॉलम ताबा सूचना यायची आहे.