दाढ ठणकू लागल्यावर करावयाची कामे

दाताचा डॉक्टर शोधण्याचा सुमुहूर्त म्हणजे शनिवारी रात्री साडेअकरा. त्याआधी शोधू नये. दाढ नुसती शिवशिवत असताना गेलात, तर डॉक्टर छोटे फिलिंग करून मोकळे करतात. कीड नसेपर्यंत पोहोचू दिली, की रूट कॅनल, वर कॅप आणि तीन-चार सिटिंग असा भरगच्च कार्यक्रम मिळतो. तोवर गालात लवंग धरावी. तिच्यातल्या युजेनॉलने ठणका दबतो आणि किडीला निवांत काम करता येते.

१. डॉक्टर निवडणे. वरच्या मजल्यावरच्या काकूंना विचारावे. 'हात हलका आहे हो त्यांचा' एवढे ऐकले की निघावे. दवाखान्याच्या भिंतीवरची पाटी वाचण्याचा आगाऊपणा करू नये. बीडीएस म्हणजे दंतवैद्य, एमडीएस म्हणजे त्यातल्याच एखाद्या शाखेचा तज्ज्ञ, आणि राज्य दंत परिषदेचा नोंदणी क्रमांक दोघांकडेही हवा, हे कळले तर काकूंचा मान काय राहिला? खर्च झेपत नसेल तर मुंबईचे नायर दंत रुग्णालय आहे, मुंबई-नागपूरची सरकारी दंत महाविद्यालये आहेत. तिथे पैसे कमी लागतात. वेळ मात्र सढळ हाताने न्यावा.

२. दात पांढरे करणे. लग्नाला चार दिवस उरले की जावे आणि 'बाथरूमच्या टाइल्ससारखे करा' म्हणावे. डॉक्टर आधी किटण काढायला सांगतील. ते ऐकू नये. मशेरीचे, चहाचे वरवरचे डाग त्या सफाईतच बरेचसे जातात आणि मग ब्लीचिंगची हौस अपुरी राहते. ब्लीचिंगचे पेरॉक्साइड फक्त खऱ्या दाताचा रंग उतरवते. कॅप आणि फिलिंग होते त्याच रंगाचे राहतात, त्यामुळे फोटोत तेवढा एक दात उठून दिसतो. यवतमाळ-चंद्रपूरकडच्या काही गावांत पाण्यात फ्लोराइड जास्त असते. ते पाणी पीत वाढलेल्यांचे तपकिरी चट्टे दात हिरडीबाहेर येण्यापूर्वीच आत तयार झालेले असतात. ते घासून जात नाहीत, तरी नेटाने घासावे. घरच्या घरी लिंबू-मीठ चोळणे सर्वांत उत्तम. आम्लाने एनॅमल विरते, खालचा थर मुळातच पिवळसर असतो, आणि जितके चोळाल तितके पिवळे व्हाल.

३. चावा. डॉक्टर दातांमध्ये निळ्या कागदाची पट्टी ठेवून 'चावा, आता घासा' म्हणतात. जिथे निळा ठिपका ठळक उठतो, तिथे दात जास्त टेकतो. एडवर्ड अँगल या अमेरिकन दंतवैद्याने १८९९ साली वरखालच्या दाढा एकमेकींवर कशा बसतात ते पाहून वेड्यावाकड्या चाव्याचे तीन वर्ग पाडले. दुसऱ्यात खालचा जबडा मागे, तिसऱ्यात पुढे. आपल्याकडे वर्ग एकच: 'आजोबांवर गेलाय'. म्हणून मुलाला सातव्या वर्षाच्या सुमारास दाखवू नये. जबडा वाढत असतानाच वळवणे सोपे जाते, आणि सोप्यात काय मजा? पुढे तारा लावल्याच, तर त्या निघाल्यावर रिटेनर डबीत जपून ठेवावा. दात आपल्या पायांनी जुन्या जागी परततात.

उपचार संपल्यावर सहा महिन्यांनी तपासणीला बोलावतील. बेधडक 'येतो' म्हणावे. तोंडात कापूस असताना दिलेला शब्द पाळावा लागत नाही.