कामराज लिहायला घेताना: एन्नोरच्या नवसंपादकासाठी

नोकरीने तुम्हाला एन्नोरला आणून टाकलं आहे. अशोक लेलँडमध्ये, वीज केंद्रात किंवा बंदरावर तुमची वर्णी लागली आहे. बायको-मुलं ठाण्यालाच आहेत, कारण शाळा बदलायची नाही. तमिळ अजून 'तण्णी'च्या पुढे सरकलेलं नाही आणि संध्याकाळ खायला उठते. अशा माणसाच्या मनात मातृभाषेची सेवा करण्याचा विचार हमखास येतो. सेवेला सध्या सर्वांत कमी भांडवल लागतं ते मराठी विकिपीडियावर. हा उद्योग १ मे २००३ पासून, म्हणजे महाराष्ट्र दिनाचा मुहूर्त साधून, चालू आहे आणि त्यात पगार, मानधन, शाल, श्रीफळ यांपैकी काहीही मिळत नाही. ही शेवटची अट मान्य असेल तरच पुढे वाचा.

नवख्याने राजकारण्याचं चरित्र घ्यावं. फुलपाखराच्या जातीबद्दल चुकीचं लिहिलंत तर वर्षभर कोणाला पत्ता लागणार नाही. नेत्याच्या जन्मगावात एक वेलांटी चुकली तर हात धुऊन जेवायला बसायच्या आत कळतं. शिकायची हीच जागा.

मात्र हयात नेता घेऊ नका. २००५ साली जॉन सिगेनथेलर या अमेरिकन पत्रकाराच्या इंग्रजी पानावर कोणीतरी थट्टा म्हणून लिहून ठेवलं की केनेडी बंधूंच्या हत्यांमध्ये त्यांचा हात असल्याचा संशय होता. हा मजकूर चार महिने तसाच राहिला. तेव्हापासून हयात माणसांबद्दलचे नियम फार कडक झाले. संदर्भाविना काही वाईटसाईट दिसलं की ते चर्चेविना काढायचं. शिवाय हयात नेत्याला कार्यकर्ते असतात. दिवंगत नेत्याला कार्यकर्ते कमी आणि वारसदार जास्त. दिवंगत म्हणजे निर्धोक असंही समजू नका. फेब्रुवारी २०२५मध्ये छत्रपती संभाजी महाराजांवरच्या इंग्रजी पानावरून महाराष्ट्राच्या सायबर विभागाने विकिमीडियाला नोटीस पाठवली आणि काही संपादकांवर गुन्हाही नोंदवला. म्हणून नेता दिवंगत हवा, परप्रांतीय हवा, आणि शक्यतो सगळ्या पक्षांनी आपला म्हटलेला हवा. असा नेता तुमच्या समोरच आहे. २००१ साली सुरू झालेल्या एन्नोर बंदराला २०१४ साली ज्यांचं नाव दिलं, ते मद्रास राज्याचे काँग्रेसी मुख्यमंत्री के. कामराज.

खातं उघडल्यावर आधी धूळपाटीवर सराव करा, असं सगळे सांगतात. कोणीही करत नाही. तुम्हीही थेट पानावर जाल आणि लिहाल: 'थोर त्यागमूर्ती, गोरगरिबांचे कैवारी, पेरुंदलैवर कामराजर यांचा जन्म १५ जुलै १९०३ रोजी विरुधुनगर येथे एका सामान्य कुटुंबात झाला व बालपणापासूनच त्यांना देशसेवेची ओढ होती.' बदल प्रकाशित कराल आणि चहा टाकायला उठाल. आधण येईपर्यंत वाक्य असं झालेलं असेल: 'के. कामराज (१५ जुलै १९०३ - २ ऑक्टोबर १९७५) हे भारतीय राजकारणी होते.' इतिहास पानावर कारण एकाच शब्दात दिलेलं असेल: 'अविश्वकोशीय'. हा शब्द पाठ करा. एरवी सत्कार समारंभात ज्या शब्दांना टाळ्या पडतात, ते सगळे इथे या एका शब्दाखाली गाडले जातात.

रागावू नका. तुमचा बदल उलटवणारा कामराजांचा विरोधक नसतो. पाच मिनिटांपूर्वी त्याला कामराज कोण हेही ठाऊक नसेल. तो 'अलीकडील बदल' उघडून बसलेला असतो, पान कोणाचं हे न बघता विशेषणं वेचतो आणि पुढच्या पानावर जातो. त्याला चर्चापानावर 'आपण कोण?' असं विचारू नये. तो तुम्हाला नियमाचा दुवा देईल, आणि तो नियम तुम्हाला वाचावा लागेल.

नियम वाचणं ही खरं तर पहिली पायरी. पण ती सगळेच गाळतात, म्हणून या मार्गदर्शिकेतही ती गाळली आहे.

मराठी माणसाला नेत्याचं नाव मोकळं लिहिता येत नाही. साहेब, दादा, ताई, भाऊ, आबा; नातं जोडल्याशिवाय आपल्याला मतदानही जमत नाही. ज्ञानकोशात यातलं काही चालत नाही, 'श्री', 'मा.' आणि 'कै.' हेही बाहेर काढून ठेवावं लागतं. तमिळ लोकांनी आदर नावाच्या शेवटच्या 'र'मध्येच भरून टाकलाय, म्हणून बंदर कामराजर. शीर्षकात तो 'र' ठेवायचा का, यावर विकिपीडियाच्या चावडीवर दोन आठवडे सहज जातील. जाऊ द्या, तेवढ्यात मुख्य मजकूर शांतपणे लिहून होतो. कामराजांना तिकडे 'कर्मवीर' म्हणतात हेही तुम्हाला घालावंसं वाटेल. घाला. दुसऱ्या दिवशी कोणीतरी तत्परतेने त्या शब्दाला भाऊराव पाटलांच्या पानाचा दुवा जोडलेला असेल.

आता मुख्य अडचण. एन्नोरमध्ये राहून तुम्हाला कामराजांबद्दल खूप काही कळतं, आणि त्यातलं जवळजवळ काहीच लिहिता येत नाही. कत्तिवाक्कमच्या चहाच्या टपरीवर मोडक्या हिंदीत कोणीतरी सांगेल की कामराज कोणालाही थेट नकार देत नसत, 'पार्क्कलाम' म्हणत, म्हणजे बघू या. वरच्या मजल्यावरची पाट्टी, म्हणजे आजी, नातवाला दुभाषा करून, सांगेल की शाळेत दुपारचा भात मिळू लागला म्हणून बापाने तिला शाळेत धाडलं, नाहीतर मासे निवडायलाच बसवलं असतं. तुमचे डोळे भरून येतील. तुम्ही धावत खोलीत जाऊन ते लिहाल. दहा मिनिटांत वाक्यामागे चौकटी कंसात 'संदर्भ हवा' अशी शेपटी लागेल, आणि पाट्टीचा संदर्भ देता येत नाही. 'पार्क्कलाम' मात्र पुस्तकांत छापलेलं आहे, त्यामुळे ते राहील. एखादे नांदेडचे निवृत्त ग्रंथपाल, ज्यांनी एन्नोर फक्त नकाशात पाहिलंय, इंग्रजी पुस्तक आणि पृष्ठक्रमांक घेऊन येतील आणि त्यांचं प्रत्येक वाक्य टिकेल. तुम्ही रोज ज्या माणसाच्या नावाच्या फाटकातून आत जाता, त्याच्याबद्दल तुमच्यापेक्षा ग्रंथपालांना जास्त अधिकार.

मला हा नियम अन्यायाचा वाटतो, तरी तो मोडावा असं मी सांगणार नाही. पाट्टीची आठवण ज्या दारातून आत येईल, त्याच दारातून पक्षाच्या प्रसिद्धीप्रमुखाचीही येईल, आणि निवडणुकीच्या तोंडावर त्याची स्मरणशक्ती फार तल्लख होते.

त्या दुपारच्या भाताचंच बघा. तुम्ही लिहाल की कामराजांनी देशातली पहिली माध्यान्ह भोजन योजना सुरू केली. 'पहिली' हा शब्द राजकीय चरित्रातला सर्वांत नाजूक अवयव आहे, तिथे कोणीतरी बोट ठेवतंच. चेन्नईचा एखादा तमिळ संपादक, ज्याला मराठी येत नाही पण अंक वाचता येतात, चर्चापानावर इंग्रजीत लिहून जाईल की १९२० साली मद्रास महापालिकेने थाउजंड लाइट्सच्या शाळेत जेवण द्यायला सुरुवात केली होती, जस्टिस पक्षाच्या त्यागराय चेट्टींच्या काळात. मग दुसरा येईल आणि म्हणेल की खरी योजना १९८२ साली एम. जी. रामचंद्रन यांनी वाढवली. तिघांचे तीन नेते आणि भाताचं पातेलं एकच. भांडण चार दिवस चालेल. शेवटी उरलेलं वाक्य असं असेल की महापालिकेच्या शाळांत आधी असलेली योजना मुख्यमंत्री कामराज यांनी राज्यभर नेली. 'पहिली' गेली. कामराज मात्र मोठेच झाले, कारण एका शहरातल्या काही शाळांपेक्षा राज्य केव्हाही मोठं. हे तुमच्या लक्षात यायला महिना लागेल.

आकडा हाताशी ठेवायची सवय इथेच लागते. १९६७ साली विरुधुनगरमध्ये कामराज द्रमुकच्या पी. श्रीनिवासन या विद्यार्थी नेत्याकडून हरले. चाहता इथे 'निसटता पराभव' लिहील, विरोधक 'दारुण पराभव' लिहील. पहिला दुसऱ्याचं उलटवील, दुसरा पहिल्याचं. ग्रंथपाल मग विशेषणाच्या जागी '१,२८५ मतांनी' एवढंच घालतील आणि दोघेही गप्प बसतील. आकड्याने दोघांचंही समाधान होत नाही, आणि तक्रारही कोणाला करता येत नाही.

कामराज योजनेला मात्र असा आकडा मिळत नाही. मिळतो तो अर्धाच: १९६३ साली सहा केंद्रीय मंत्री आणि सहा मुख्यमंत्री पक्षकार्यासाठी पदांवरून बाजूला झाले. पण हा त्याग होता की मोरारजी देसाईंना वाटेतून दूर करण्याची युक्ती, हे मतमोजणीने ठरत नाही. तुम्ही 'काहींच्या मते' असं लिहून सुटायला बघाल. लगेच साचा लागेल: 'कोणाच्या मते?' हा प्रश्न एकदा मनात घुसला की घरातही पाठ सोडत नाही. बायको फोनवर म्हणाली, 'लोक काय म्हणतील', की तुमच्या तोंडून तोच प्रश्न निघतो, आणि त्या आठवड्यात पुढचा फोन येत नाही.

उलटवण्याची मर्यादा चोवीस तासांत तीन वेळा. चौथ्यांदा केलंत की संपादन युद्धाच्या नावाखाली तुम्हाला काही काळ बाहेर बसवतात. ही मर्यादा म्हणजे हक्काचा कोटा नव्हे. 'अजून एक शिल्लक आहे' असं म्हणून रात्री पावणेबारापर्यंत जागू नये. फारच झालं तर प्रचालक पानाला कुलूप लावतो. ते नेहमी चुकीच्या आवृत्तीवर लागतं, अशी दोन्ही पक्षांची जुनी तक्रार आहे. कुलूप निघालं की तिथे सांगकाम्ये, म्हणजे आपोआप संपादन करणारे बॉटही फिरतात, आणि त्यांना मत नसतं. त्यांच्यावर चिडून चर्चापानावर निरोप लिहू नका. ते वाचत नाहीत.

कचेरीच्या संगणकावरून संपादन करू नये. जून २०१५च्या अखेरीस नेहरूंच्या इंग्रजी पानावर त्यांच्या पूर्वजांबद्दल काहीबाही भर पडली. खात्याशिवाय लिहिणाऱ्याचा अंकपत्ता तेव्हा सगळ्यांना दिसायचा, आणि तो निघाला राष्ट्रीय सूचना विज्ञान केंद्राच्या, म्हणजे सरकारी जाळ्यातला. विकिपीडियाच्या संपादकांनी मजकूर काढला. चर्चा मात्र वर्तमानपत्रांत पोचली. तुम्ही बंदरात नोकरीला असाल तर बंदराच्या पानावर स्वल्पविरामसुद्धा घालण्याआधी आपली नोकरी चर्चापानावर जाहीर करा.

बंदराचं बंदराच्या पानावर आणि माणसाचं माणसाच्या, हाही धडा एन्नोरला लवकर मिळतो. २८ जानेवारी २०१७ रोजी या बंदराबाहेर दोन जहाजांची टक्कर होऊन समुद्रात तेल पसरलं. डिसेंबर २०२३मध्ये मिचौंग वादळाच्या पुरात तेल खाडीत शिरलं आणि कोळ्यांची जाळी, होड्या काळ्या झाल्या. कोणीतरी कळकळीने हे सगळं कामराजांच्या पानावर 'वारसा' या मथळ्याखाली घालील. १९७५ साली वारलेल्या माणसाच्या चरित्रात ते बसत नाही, एवढंच कारण लिहून तिथून काढा. पण तिथेच थांबू नका, उचलून बंदराच्या आणि खाडीच्या पानांवर नीट संदर्भांसह न्या. नुसतं काढून टाकणारे पुष्कळ आहेत, उचलून ठेवणारे कमी.

एन्नोरवासीयाला खरा उपयोग दाखवता येतो तो फोटोंत. वर्तमानपत्रातून उचललेला फोटो आठवड्याभरात काढला जातो. पण सार्वजनिक जागी कायमचा उभा असलेला पुतळा टिपायला भारतीय कायदा मना करत नाही, आणि तमिळनाडूत कामराजांचा पुतळा शोधावा लागत नाही. लोकलने शहरात जा. अण्णा सालैवर जिमखाना क्लबजवळ एक आहे, १९६१ साली खुद्द नेहरूंनी अनावरण केलेला, म्हणजे कामराज मुख्यमंत्रिपदावर असतानाच. मराठी पानावर हे लिहिलंत तर खाली लगेच 'हयात असताना?' असा प्रश्न येईल. पृष्ठक्रमांक सोबत ठेवा.

चरित्र पूर्ण झालं असं कधी वाटेल, हे विचारू नका. एके रात्री निरीक्षणसूचीत कामराजांच्या नावापुढे एकच बदल दिसेल, एक पूर्णविराम वाढलेला, आणि तो पूर्णविराम योग्य असेल. तेव्हा हे पान इतरांवर सोपवून पुढचं घ्या. माझी सूचना स. का. पाटील. काँग्रेस नेत्यांच्या 'सिंडिकेट' या गटात कामराजांचे सोबती, कामराज योजनेत मंत्रिपद सोडणाऱ्यांपैकी एक, आणि त्याच १९६७ साली दक्षिण मुंबईत जॉर्ज फर्नांडिसांकडून हरलेले. आधी मतांचा फरक शोधून ठेवा, 'दारुण' लिहिणारा येईलच.